हकीमी आणि खाडीपलीकडचे पासपोर्ट

मोरोक्कन आई-वडिलांचा फुटबॉलपटू अश्रफ हकीमी. त्याने स्पेन सोडून मोरोक्कोकडून खेळणं निवडलं हा 'निव्वळ भावनिक निर्णय', हे त्याच्यावरच्या लेखातलं म्हणणं पटलं नाही. जन्म माद्रिदचा, घडला रेआल माद्रिदच्या अकादमीत, हे खरंच. पण २०२२ ला कतारमधल्या विश्वचषकात त्याच स्पेनविरुद्ध शेवटची पेनल्टी काय अलगद मधोमध उचलून टाकली त्याने! बचावपटू म्हणे! मोरोक्को उपांत्य फेरीत गेला, आफ्रिकेतला पहिलाच देश.

आम्ही शिरोड्याचे. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टवाले बरेच. त्यांच्या पोरांना मात्र हकीमीसारखी निवड नाही. तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व गेलं, मग भारताची जर्सी विसराच. फुटबॉलपटू इझुमी अराताचे वडील भारतीय, तरी जपानी नागरिकत्व सोडलं तेव्हा कुठे तो भारताकडून खेळला.