पाडस उचलू नका, त्याची आई तिथंच असते

सकाळी गावाकडच्या ग्रुपवर एक रील आलं. माळावर गाडी थांबवून पोरं गवतातून काळविटाचं पाडस उचलतायत, छातीशी धरतायत, मागे रडकं गाणं, वर लिहिलंय ‘आईने टाकलं, आम्ही वाचवलं’. खाली नुसते बदाम आणि जोडलेले हात. दिवसभर डोकं फिरलंय माझं.

अरे, टाकलं नव्हतं तिने, लपवलं होतं! हरणी व्यायली की पिल्लाला चाटून कोरडं करते, वार खाऊन टाकते, त्याला गवतात बसवते आणि मुद्दाम लांब जाऊन चरते. ती जवळ घुटमळली तर लांडग्याला पिल्लाचा पत्ता लागतो. पहिले काही दिवस पाडसाच्या अंगाला वास जवळजवळ नसतोच. मान जमिनीला चिकटवून ते निपचित पडून राहतं, माणूस अंगावर आला तरी हलत नाही. आई मोजक्या वेळा येते, पाजते आणि परत जाते. एवढंच.

हे मला शिकवलं एका म्हाताऱ्या फासेपारध्याने. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, रेहेकुरीच्या अलीकडे आमचं रान. सुगी झाली की त्यांची पालं आमच्या बांधाला पडायची. आम्ही पोरं त्यांना आबा म्हणायचो. एकदा शेळ्यांमागे हिंडताना मला असंच पाडस दिसलं. मी वाकले तर आबा लांबूनच ओरडले, “ए पोरी, माघारी फिर. ती बघतीया.” मला काहीच दिसेना. त्यांनी काठीने दाखवलं तेव्हा दिसली. पार बाभळीपलीकडे हरणी, चरायचं सोडून आमच्याकडे तोंड करून उभी.

तरणेपणी गाईच्या आडोशाने कळपाजवळ जाऊन फासे लावणारा माणूस हे सांगत होता! फाशात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं तर सोडून द्यायचं, ही त्यांच्यातली जुनी रीत. “पोटातलं मारलं तर फुडं काय खायचं?” असं आबा म्हणायचे. काळविटं वर्षभरात कधीही वितात, पण ज्या महिन्यांत कळपात पाडसं जास्त दिसायची, तेव्हा आबा आपली कुत्रीसुद्धा पालाला बांधून ठेवायचे. आज गावागावातली मोकाट कुत्री माळावर पाडसं फाडतात, त्यावर कुणी रील करत नाही.

मान्य, पारध्यांनी काळविटं मारली, विकलीही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला ते बरंच झालं. हरभऱ्यात कळप शिरला की शेतकऱ्याचा जीव कसा तुटतो, तेही घरात पाहिलंय. पण माळ फाशांनी संपला का? माळ संपला नांगराने, उसाने, प्लॉटिंगने. रेहेकुरीचं अभयारण्य १९८० चं, सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही. आणि ज्यांना या जनावराची खडान्‌खडा माहिती, त्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ ला गेला, पण गावात चोरी झाली की आजही आधी पालाकडेच बोट जातं. ज्याने मला पाडसाला हात लावू दिला नाही तो चोर, आणि पाडस पळवणारी पोरं देवदूत. संताप येतो.

बरं, ही पोरं वाईट नाहीत. ओळखते मी त्यांना, मनात माया आहे म्हणूनच उचललं. पण बाटलीतल्या गाईच्या दुधाने पाडसाला हगवण लागते, कित्येकदा ते नुसत्या भीतीनेच मरतं. जगलंच तर कळपात जात नाही. आणि काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, घरी ठेवणं हाच गुन्हा. कौतुक करणाऱ्यांपैकी एकाने तरी हे सांगायचं ना?

उचललं असेल तर लगेच जिथून घेतलं तिथेच ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आई सहसा टाकत नाही. जखमी असेल, कुत्री मागे असतील, तर वनखात्याला १९२६ वर फोन करा.

मी दुपारी त्यातल्या एकाला फोन केला. पाडस त्याच्या आजीच्या गोठ्यात बांधलंय म्हणाला, “काकू, आता आमची सवय झालीय त्याला.” एका दिवसात! त्याला सांगितलं, आजीला घे आणि संध्याकाळच्या आत त्या गवतात ठेवून ये. नाहीतर मीच वनरक्षकाला कळवते. पोरगा रुसलाय. रुसू दे.