वारीत केळी वाटणारे पुष्कळ झाले, टाकी धुणारे हवेत

आषाढी जवळ आली की सोसायट्यांच्या आणि मंडळांच्या ग्रुपवर एकच विषय असतो, यंदा वारकऱ्यांना काय वाटायचं? भाव खरा असतो, त्याला हात जोडूनच पुढचं लिहितो. पुण्यात तरी वाटणाऱ्यांची कमतरता राहिलेली नाही. माणूस कमी पडतो तो टँकरच्या नळाशी, दिंडीच्या ट्रकमागे आणि फिरत्या शौचालयांच्या रांगेत.

पुणे ते सासवड हा टप्पा घ्या. माउलींच्या वाटेवरची सर्वांत लांब चाल, त्यात दिवे घाट, आणि तिथी बघितली तर बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशी त्याच दिवशी. हडपसरपर्यंत पावलापावलाला खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू. एक माणूस खाऊन खाऊन किती खाणार? दोन घास घेऊन द्रोण रस्त्यावर पडतो, आणि मागून डोक्यावर तुळस घेतलेली, अनवाणी चालणारी म्हातारी त्याच सालींवरून येते. कचऱ्याचं पिंप स्टॉलला खेटून ठेवण्यात अर्थ नसतो. वारकरी थांबत नाही, चालता चालता खातो. साल हातातून सुटते ती पन्नास-साठ पावलं पुढे गेल्यावर. पिंप तिथे हवं, आणि पिंपाशी एक माणूसही.

उपवासाला भगर देणार असाल तर पीठ आणू नका. दमट हवेत भगरीला बुरशी लागते, पिठाला तर लवकर लागते आणि डोळ्यांना दिसत नाही. दरवर्षी उपवासाच्या दिवसांत विषबाधेच्या बातम्या येतात त्या यातूनच. अख्खी, बंद पाकिटातली भगर घ्या, निवडून धुऊन शिजवा, गरम असतानाच संपवा.

पाण्याचं तर विचारूच नका. टँकर आला की हंडे-कळश्या घेऊन झुंबड उडते आणि पाणी शुद्ध केलंय का, हे विचारायचं राहून जातं. हिशोब सोपा आहे : १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरला ५० ग्रॅम. पावडर थेट टँकरमध्ये टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी ओतायची आणि किमान अर्धा तास नळ उघडायचा नाही. हा अर्धा तास सांभाळणं हेच खरं काम, कारण समोर तहानलेली माणसं उभी असतात. पोत्याचं तोंड उघडं राहिलं तर पावडरीचा दम जातो, मग मोजून टाकूनही उपयोग होत नाही. म्हणून आरोग्यसेवकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करून घ्या. नळीतलं पाणी पिवळसर झालं तरच क्लोरीन आहे.

दिंडीच्या स्वयंपाकात हमखास बिघडतो तो भात. शंभर माणसांना एका वेळेला दहा-बारा किलो तांदूळ लागतो. पहाटे शिजवलेला भात वाफेसकट पातेल्यात दाबून, घट्ट झाकून ट्रकवर चढवला की दुपारच्या विसाव्याला आंबूस वास येतो. तो आधी परातींत पसरून वाफ जाऊ द्यावी लागते. परातींना जागा लागते, पावसात वर ताडपत्री लागते. केळ्यांच्या पैशात एका दिंडीला दहा मोठ्या पराती आणि एक चांगली ताडपत्री सहज येते.

पाय चेपायला बसणाऱ्यांना एक विनंती. आधी बोटांच्या बेचक्या बघा. ओल्या चपलांनी चिखल्या झालेल्या असतील तर तिथे तेल लावू नका, पाय पुसून कोरडे करा आणि मलम लावा. फोड फोडू नका.

म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात ओळखपत्र अडकवता तेव्हा त्यावर नुसतं ‘दिंडी क्र. १५’ लिहू नका. रथापुढच्या दिंड्यांचे क्रमांक वेगळे, रथामागच्यांचे वेगळे, म्हणजे पंधरा नंबरच्या दिंड्या दोन. वाखरीला तुकोबांची पालखीही येते, तिथे घोळ आणखी वाढतो. पालखी कोणाची, रथापुढे की रथामागे, क्रमांक आणि दिंडीप्रमुखाचा फोन, एवढं हवंच. ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला, शाई पावसात जाते.

आणि शौचालयं. ती मैदानाच्या मधोमध मांडली आणि रात्री पाऊस झाला की काळ्या मातीत मैला उपसणारी गाडी रुतते. टाक्या भरतात आणि सकाळी सगळं उघड्यावर. रांग मुरमाच्या कडेला लावा, गाडीचा पाइप पोचेल अशी. बायकांची रांग वेगळी आणि उजेडात हवी. प्रत्येक दाराशी पाण्याने भरलेलं पिंप आणि एक प्लॅस्टिकचा मग हवा. पिंप रिकामं झालं की अर्ध्या तासात ते शौचालय बाद होतं, मग कोणी आत पाऊल टाकत नाही. खरी गर्दी पहाटे दोन ते पाच, उजाडायच्या आत उरकायचं म्हणून. बायकांना तर दुसरी वेळच मिळत नाही. स्वयंसेवक मात्र आठ वाजता टोप्या घालून येतात, तोवर तळ हललेला असतो.

यंदा ग्रुपवर यादी कराल तेव्हा पहाटे दोनच्या पाळीची नावं आधी लिहा. येताना गमबूट, रबरी हातमोजे, डोक्याला बांधायची बॅटरी आणि चार जास्तीचे मग आणा. मग फार हरवतात.