कंपनीचं वकीलपत्र

परदेशातून : टाम्पेरे, फिनलंड

आमच्या इंदूरच्या घरच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात भाच्याच्या नव्या फोनवरून चांगलीच जुंपली. पहिला पगार झालेला, आयफोन घ्यायचा की अँड्रॉइड, एवढाच प्रश्न. धाकटे काका एका चिनी कंपनीच्या बाजूने मेगापिक्सेल मोजायला लागले. भावोजींनी 'आयफोन म्हणजे नुसता दिखावा' असा निकाल दिला. मग एका चुलतभावाने 'भिया, ज्याला परवडत नाही तोच असं बोलतो' असं लिहिलं आणि काकांनी ग्रुप सोडला. ताईने त्यांना समजावून परत घेतलं. त्यानंतर सगळे माझ्याकडे वळले, कारण मी बाहेर राहते, म्हणजे मला जास्त कळत असणार.

मला कळलं ते इतकंच, की भाच्याला फोन कशासाठी हवाय हे दोन दिवसांत कोणीच विचारलं नव्हतं. काकांकडे त्या चिनी कंपनीचा एक शेअर नाही. चुलतभावाला अॅपलने कधी चहासुद्धा पाजलेला नाही. तरी दोघांनी आपापल्या कंपनीचं वकीलपत्र घेतलेलं, आणि तेही बिनफी.

मी राहते तिथे अशी वकिली फारशी ऐकू येत नाही. त्याला या गावाचा इतिहास कारण असावा. १८६५ मध्ये टाम्पेरेतल्या धबधब्याच्या काठी कागदाच्या लगद्याची एक गिरणी निघाली. पुढे दुसरी गिरणी इथून पंधराएक किलोमीटरवरच्या नोकिया नावाच्या गावाजवळ निघाली, आणि त्या गावाचं नाव कंपनीला मिळालं. रबरी बूट, टायर, केबल असं करत करत ती फोनपर्यंत पोचली. २००३ साली आलेला ११०० हा फोन जगात २५ कोटींहून जास्त खपला. आमच्या बाबांकडे तोच होता. त्याच्या डोक्यावरच्या टॉर्चचं त्यांना फोनपेक्षा जास्त कौतुक, आणि लाइट गेली की मीटरबोर्डाशी तेच पुढे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण भारतात आपण ते 'नोकिया संपली' एवढ्यावर सोडून देतो. २०१२ मध्ये फिनलंडच्याच सालो गावातला नोकियाचा कारखाना बंद झाला. एप्रिल २०१४ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा कारखाना थांबला. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आवरतं घेतलं आणि एकट्या फिनलंडमधल्या १३५० पर्यंत नोकऱ्या कमी करत असल्याचं जाहीर केलं. कंपनी मात्र जिवंत आहे, मोबाइल नेटवर्कची यंत्रं बनवते, बरी चाललीय. बुडाले ते कर्मचारी आणि ती गावं. टाम्पेरेच्या हेरवांता भागात नोकियाचं मोठं संशोधन केंद्र होतं. तिथे बरीच वर्षं काढलेला एक सहकारी आता माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याला एकदा विचारलं, हल्ली कोणता फोन वापरतोस? त्याने खिशातून फोन काढला, उलटा केला, मागचं नाव वाचलं आणि मग सांगितलं.

पण इथे राहून 'आमच्याकडे लोक किती समंजस' असं लिहिणाऱ्या मंडळींत मला बसायचं नाही. फिनिश माणूस भांडत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी मे २०२३ मध्ये इथे यायला हवं होतं. युरोव्हिजन ही देशादेशांतली गाण्याची स्पर्धा. त्या वर्षी फिनलंडचा कॅरिया नावाचा गायक पोपटी फुगीर बाह्यांचं जाकीट घालून उघड्या अंगाने नाचला आणि प्रेक्षकांकडून सर्वात जास्त, ३७६ गुण घेऊन गेला. परीक्षकांनी मात्र स्वीडनच्या लोरीनला झुकतं माप दिलं. बेरीज झाली ५८३ विरुद्ध ५२६, आणि स्वीडन जिंकलं. स्वीडन! इंदूरकराला भोपाळविषयी जे वाटतं ते फिनिश माणसाला स्वीडनविषयी वाटतं, जरा जास्तच. एरवी लिफ्टमध्ये नजर चुकवणारी माणसं ऑफिसच्या कॉफीजवळ तावातावाने बोलत होती. तेव्हा वादाची हौस सगळीकडे सारखीच. फरक इतकाच, की त्यांचं भांडण लवकरच परीक्षकांच्या मतांना निम्मं वजन का, या प्रश्नावर येऊन टेकलं. तो प्रश्न सोडवता येण्यासारखा तरी होता.

फोनचंही तसंच. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात नवा नियम लागू आहे. फोनची विक्री थांबल्यावरही कंपनीने सात वर्षं सुटे भाग पुरवायचे, पाच वर्षं सॉफ्टवेअरचे अपडेट द्यायचे. बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज केल्यावरही तिची क्षमता मूळच्या ८० टक्के उरली पाहिजे. डब्यावरच्या लेबलवर दुरुस्तीची सोय किती, याची ए ते ई अशी श्रेणी छापायची. त्याआधी, २०२४ च्या डिसेंबरअखेर, टाइप-सी चार्जिंग सक्तीचं झालंच होतं. भारतात ग्राहक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, कंपन्या तिथे आपापली माहिती देतात. आमच्या ग्रुपवरच्या एकानेही ते उघडलेलं नव्हतं. मेगापिक्सेल मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

आता याची दुसरी बाजू. इतका छान कायदा असलेल्या या गावात माझ्या फोनची बॅटरी बदलायला दुकानाने जे पैसे सांगितले, त्यात इंदूरला एक साधा नवा फोन येतो. फोन ठेवून जा, फॉर्म भरा, मेल येईल. म्हणून मी तो तसाच ढकलत ढकलत इंदूरला नेला. जेल रोडवर, डॉलर मार्केटच्या त्या अरुंद जिन्यांवर, हातभर काउंटरमागे बसलेल्या मुलाने हीट गनने मागची काच सैल केली, गिटार वाजवायच्या प्लास्टिकच्या चकतीने कडेने सोडवली आणि स्क्रू एका चुंबकी पट्टीवर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने लावून ठेवले. 'चार्जिंग जॅकपण गेलाय मॅडम, आत कचरा नाही, पिनच घासलीय.' हे मला टाम्पेरेत कोणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या काउंटरवर भिंगाखाली बोर्डावरची आयसी, म्हणजे चिप, काढून परत बसवणं चालू होतं. अशा वेळी टाम्पेरेत बोर्ड बदला म्हणतात, किंवा सरळ नवा फोन घ्या म्हणतात.

पण त्याच मुलाने पुढचा प्रश्न विचारला : बॅटरी 'ओरिजिनल' टाकू की 'कॉपी'? आणि ओरिजिनल म्हणजे कंपनीची का, यावर तो नुसता हसला. त्याच्याकडे हात आहे, पण खात्रीचा माल नाही. फिनलंडमध्ये माल कायद्याने मिळतो, पण परवडणारा हात नाही. काकांनी आणि चुलतभावाने ज्या हिरिरीने एकमेकांची अक्कल काढली, त्यातली निम्मी जरी 'आम्हाला सुटे भाग ठरल्या किमतीत द्या' म्हणण्यात घातली असती, तर त्या काउंटरवाल्याला तो प्रश्न विचारावा लागला नसता. भारत हे कंपन्यांसाठी किती मोठं गिऱ्हाईक आहे ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. आपणच गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलत नाही.

भाच्याला मी एवढंच लिहिलं, की जेल रोडवर जा आणि विचार कुठल्या फोनचे भाग लगेच मिळतात, मग ठरव. त्यावर 'मावशी, तू पण ना!' असं उत्तर आलं. घेतला त्याने आयफोनच. हप्त्यावर.

सिनेमाच्या वादांना तर हल्ली हाच रोग जडलाय. कोणाच्या चित्रपटाने पहिल्या तीन दिवसांत किती कोटी केले, यावर घरातली मुलं हमरीतुमरीवर येतात. निर्मात्याच्या गल्ल्यात किती पडले याच्याशी बघणाऱ्याचा संबंध काय? तिकिटाचे पैसे तर आपण देऊन आलो! चित्रपटाचा उत्तरार्ध फसला का, संवाद ऐकू येत होते का, यावर कोणी दोन वाक्यं बोलत नाही. गेल्या वेळी आईबरोबर इंदूरच्या सानंद या मराठी संस्थेचं नाटक पाहायला विद्यापीठाच्या सभागृहात गेले होते. मध्यंतरात दोन आजोबा कॉफीचे कप हातात धरून नायिकेच्या उच्चारांवरून असे पेटले होते, की तिसरी घंटा झाली तरी आत जायचं नाव घेईनात. एकाचं म्हणणं ती पुणेरी बोलते म्हणून माळव्यातली वाटत नाही, दुसऱ्याचं म्हणणं माळव्यात आता असं कोण बोलतं? त्यांच्या त्या भांडणात मला हवं ते सगळं होतं. नाटक किती चाललंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. फक्त त्या अख्ख्या रांगेत भाच्याच्या वयाचं कोणी नव्हतं.