योआखिमने बीथोवनला उकरून काढलं नव्हतं

बीथोवनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना, १८०६ साली साफ पडला, पुढची ३८ वर्षं त्याला कुणी हात लावला नाही, आणि मग हंगेरीतल्या गरीब घरच्या, आपलं आपणच शिकलेल्या बारा वर्षांच्या पोराने तो लंडनमध्ये वाजवून जगाला दाखवला. व्हायोलिनवादक योझेफ योआखिमबद्दलचा हा मजकूर वरचेवर फॉरवर्ड होतो. संगीतकार ब्राह्म्सशी त्याची जन्मभर अतूट मैत्री होती आणि त्याचं वादन आज ऐकायला मिळत नाही, अशी शेपटीही त्याला जोडलेली असते.

मुलगा, वय आणि शहर बरोबर आहे. बाकीच्याची गडबड आहे.

‘कुणी हात लावला नाही’ हे आधी घेऊ. २३ डिसेंबर १८०६ ला व्हिएन्नात फ्रान्झ क्लेमेंटने तो पहिल्यांदा वाजवला. त्याच मैफलीत त्याने व्हायोलिन उलटं धरून स्वतःची एक रचनाही पेश केली, यावरून श्रोत्यांना काय हवं होतं ते कळतं. कॉन्चेर्टोला टाळ्या मिळाल्या, पण सांधे जुळत नाहीत, तेच तेच येतं, अशी टीकाही छापून आली. तरी तो अडगळीत गेला नाही. १८१२ मध्ये बर्लिनला तोमासिनीने, १८२८ मध्ये पॅरिसला बायोने, १८३४ मध्ये व्हिएन्नात व्ह्यूतांने तो वाजवला. व्ह्यूतां तेव्हा स्वतःच चौदा वर्षांचा होता. योआखिमला तिसरं लागलेलं. आणि ज्या लंडन फिलहार्मोनिक सोसायटीत योआखिमने तो वाजवला, तिथेच १८३२ मध्ये एलियासनने तो वाजवून झाला होता. क्वचित वाजायचा म्हणा, हवं तर.

मग २७ मे १८४४ ला घडलं काय? ‘अद्भुत बालकां’ना मंचावर आणायचं नाही, असा सोसायटीचा दंडक होता. योआखिमसाठी तो बाजूला ठेवला गेला, आणि समोर वाद्यवृंदाचं संचालन करायला खुद्द संगीतकार मेंडेल्सन उभा होता. मुलाने सगळा कॉन्चेर्टो वाजवलाच, वर कॅडेन्झा, म्हणजे वादकाने एकट्याने खुलवायचे भाग, स्वतः रचलेले वाजवले. त्यानंतर ही रचना मोठ्या व्हायोलिनवादकाला टाळता येईना. माझ्या मते ‘पहिला’ असण्यापेक्षा हे कितीतरी मोठं.

‘गरीब आणि स्वयंभू’ हे तर निव्वळ रंगवलेलं. योआखिम १८३१ मध्ये कित्से गावी जन्मला. गाव तेव्हा हंगेरीच्या राज्यात होतं, आज ऑस्ट्रियात आहे. घर ज्यू, वडील लोकरीचे व्यापारी. कुटुंब लवकरच पेश्तला, म्हणजे आजच्या बुडापेस्टच्या एका भागात, आलं. तिथे ऑपेराच्या वाद्यवृंदाचा प्रमुख व्हायोलिनवादक सेरवाचिन्स्की त्याला शिकवायला लाभला. मग व्हिएन्नात योझेफ ब्योम. या ब्योमने १८२५ मध्ये बीथोवनची एक चौकडी, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, खुद्द बीथोवनसमोर बसवली होती. बीथोवनला तेव्हा ऐकू येत नव्हतं. तो वादकांच्या गजांवर नजर रोखून बसायचा आणि लयीत जरा कुठे चुकलं तरी लगेच पकडायचा. ही आठवण ब्योमनेच सांगून ठेवली आहे. अशा गुरूच्या घरी राहून शिकलेल्या मुलाला ‘आपलं आपण शिकलेला’ कसं म्हणायचं? आपल्याकडे याला घराणं म्हणतात.

ब्राह्म्सशी मैत्री खरी; १८५३ पासूनची. ‘अतूट’ मात्र नाही. योआखिमला बायकोचा, गायिका अमालियेचा, संशय येऊ लागला. ब्राह्म्सने तिची बाजू घेऊन तिला लांबलचक पत्र लिहिलं, आणि तेच पत्र घटस्फोटाच्या खटल्यात कोर्टात आलं. दोघांचं बोलणं तुटलं. तरी योआखिम ब्राह्म्सच्या रचना वाजवत राहिला, हे मला फार विलक्षण वाटतं. १८८७ मध्ये ब्राह्म्सने व्हायोलिन आणि चेलोसाठी दुहेरी कॉन्चेर्टो लिहून समेटाचा हात पुढे केला. जर्मनीतल्या कलोनला पहिल्या प्रयोगात व्हायोलिन योआखिमनेच वाजवलं.

राहिलं ध्वनिमुद्रण. ते आहे, आणि इंटरनेटवर फुकट मिळतं. १९०३ मध्ये योआखिमने पाच तबकड्या दिल्या: बाखच्या एकल व्हायोलिनच्या दोन रचना, ब्राह्म्सची दोन हंगेरियन नृत्यं आणि स्वतःची ‘रोमान्स’ नावाची एक रचना. खरखर भरपूर आहे. तरी स्वर हलवणं (व्हायब्राटो) किती बेताचं आहे, ते कान देऊन ऐकलं तर कळतं. फक्त त्यावरून लंडनचा तो मुलगा कसा वाजवत असेल, हे ताडायला जाऊ नका. तबकडीवरचा योआखिम बहात्तरीच्या आसपासचा आहे.