कान दोनच असतात, डॉक्टर!

माणसाला कान दोन असतात, एक उजवा आणि एक डावा. वैद्यकीय शिक्षणात हे पहिल्याच आठवड्यात उरकत असतील, अशी माझी समजूत होती. अमेरिकन डॉक्टरांचे चार्ट वाचायला लागल्यापासून ती पार डळमळली आहे.

मी मेडिकल कोडर. बसते हिंजवडीत, पेशंट असतो फ्लोरिडात. तिकडे डॉक्टर पेशंटला तपासून जे काही लिहितो, ते वाचून मी आजाराला कोड लावते. तो कोड विमा कंपनीकडे जातो आणि मग डॉक्टरचे पैसे सुटतात. पूर्वी कानाच्या बाहेरच्या नळीला जुनाट सूज असली की ३८०.२३ हा एक कोड पुरायचा, दोन्ही कान त्यात गुण्यागोविंदाने नांदायचे म्हणे. १ ऑक्टोबर २०१५ ला तिकडे आयसीडी-१०-सीएम हे आजारांच्या कोडचं नवं पुस्तक लागू झालं आणि कानांच्या वाटण्या झाल्या. आता क्रॉनिक ओटायटिस एक्स्टर्ना, म्हणजे हीच जुनाट सूज, उजवीकडे असेल तर एच६०.६१, डावीकडे असेल तर एच६०.६२, दोन्हीकडे असेल तर एच६०.६३. आणि कुठला कान ते लिहिलंच नसेल तर एच६०.६०. हा शेवटचा कोड पुस्तकात आहे खरा, पण लावायचा नाही. लावलाच तर क्लेम परत येण्याची भीती, आणि त्याआधी आमचं काम तपासणारी क्यूए परत येते.

बरं, हे पुस्तक म्हणजे काही ढोबळ काम नाही. त्यात बदक चावलं तर एक कोड आहे आणि बदकाने धडक दिली तर दुसरा. बदकाचं इतकं बारकाईने बघणाऱ्या देशात कानाचं मात्र असं आहे:

‘कानाला खाज, बरेच महिने. ओटायटिस एक्स्टर्ना, क्रॉनिक. ड्रॉप्स दिले. दोन आठवड्यांनी दाखवणे.’

संपला चार्ट. आता कान शोधा.

मी वर तपासणीच्या रकान्यात जाते. तिथे लिहिलेलं असतं, ‘दोन्ही कान नॉर्मल, नळी स्वच्छ, पडदा व्यवस्थित.’ मग हा माणूस आला कशाला होता? तर हे वाक्य डॉक्टरने लिहिलेलं नसतंच. ते टेम्प्लेटमध्ये आपोआप उमटतं. पाय मुरगळलेल्या पेशंटचेही कान असेच स्वच्छ असतात.

खाली नर्सची नोंद सापडते: ‘डावा कान.’ मी खुर्चीत सावरून बसते. कारण डॉक्टरने बाजू लिहिली नसेल तर नर्ससारख्या दुसऱ्या कुणाच्या नोंदीवरून ती घ्यायला २०२१ च्या ऑक्टोबरपासून परवानगी आहे. हा नियम ज्याने केला त्याला माझ्याकडून एक नारळ. पण हात कीबोर्डपर्यंत पोचेपर्यंत डोळा पेशंटच्या हिस्टरीवर पडतो, आणि तिथे डॉक्टर स्वतः लिहून बसलेले असतात, ‘उजव्या कानाची तक्रार.’ नोंदींत विसंगती आली की नारळ परत. डॉक्टरलाच विचारायचं.

विचारायचं म्हणजे क्वेरी टाकायची, आणि क्वेरीचं सोवळं कडक. ‘साहेब, उजवाच ना?’ असं विचारता येत नाही, ते उत्तर तोंडात घातल्यासारखं होतं. पर्याय द्यायचे: उजवा, डावा, दोन्ही, इतर, ठरवता येत नाही. या ‘इतर’वर मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर यायला काही दिवस जातात. तोवर तो चार्ट माझ्या नावावर पेंडिंग दिसत राहतो आणि टीएल, म्हणजे आमची टीम लीडर, रोज गोड आवाजात त्याची चौकशी करते. शेवटी उत्तर येतं:

‘कृपया नोट पाहा.’

मी नोटच पाहत होते हो! या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणं यालाच म्हणतात, फक्त कुठल्या कानाने ते इथेही लिहिलेलं नाही.

कधी डॉक्टर फार उदार होतात आणि ‘बहुधा बुरशी’ असं लिहितात. पण ओपीडीच्या कोडिंगमध्ये ‘बहुधा’, ‘शक्यता’, ‘संशय’ यांना थारा नाही. खात्री नसेल तर फक्त लक्षणं घ्यायची. त्यामुळे डॉक्टरला अंदाज असतो, मलाही असतो, ज्याच्या कानात ती बुरशी आहे त्याला तर असतोच असतो. पण कागदाला नसतो, आणि आम्ही सगळे कागदाचे नोकर.

ही सवय आता घरीही सुटत नाही. परवा आत्याचा फोन आला, कान ठणकतोय म्हणून.

“कुठला कान?”

“अगं, फोन धरते ना, तो.”

“फोन कुठल्या कानाला धरतेस?”

“एरवी उजव्या. तो दुखायला लागल्यापासून डाव्या.”

“म्हणजे उजवा.”

“आता डावापण ठणकतो. खाज तर विचारू नकोस.”

“कधीपासून?”

“गणपतीपासून.”

“बाप रे, तीन महिने झाले!”

“या नाही गं, मागच्या गणपतीपासून.”

“आणि कानात काय घालतेस?”

“काही नाही. लसणीचं तेल. आणि केसांचा आकडा, पण तो हळूच.”

जुनाट, दोन्ही बाजूंचा, कालावधी आणि कारणासकट! एवढं भरगच्च डॉक्युमेंटेशन मला आजवर कुठल्याही एमडीने दिलेलं नाही. मी तिला आकडा बंद, तेल बंद, कानात पाणी जाऊ देऊ नकोस असं दटावलं आणि कानाच्या डॉक्टरकडे पिटाळलं. ती गेली. संध्याकाळी तिने चिठ्ठीचा फोटो पाठवला. त्यावर औषधाचं नाव होतं, त्याखाली ‘४ थेंब, दिवसातून ३ वेळा’ आणि मग डॉक्टरांची झोकदार सही.

पाठोपाठ आत्याचा फोन. “हे चार थेंब कुठल्या कानात गं? की दोन-दोन वाटून घालू?”