गोव्याचे बंदर रद्द झाल्याबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबई–गोवा–मुंबई या क्रूझ सहलीबद्दल आमच्या सोलापूर कार्यालयाला एकच तारा (स्टार) देऊन आपण लिहिलेला सविस्तर अभिप्राय मी पूर्ण वाचला. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा आहेत: जहाज गोव्याच्या धक्क्याला लागलेच नाही, त्यामुळे मातोश्रींचे मंगेशीचे दर्शन हुकले, केबिनला खिडकी नव्हती, जहाज संध्याकाळी सुटणार असताना आम्ही आपल्याला सकाळीच मुंबईत पोहोचायला लावले, जहाजावर चढल्यावर सुरक्षा कवायतीत वेळ गेला, आणि तिकिटाव्यतिरिक्त आणखी पैसे मोजावे लागले. हा अभिप्राय सोलापुरातील इतर कुटुंबेही वाचणार आहेत, म्हणून उत्तरही येथेच देत आहे.

मातोश्रींचे दर्शन राहून गेले याचे मला मनापासून वाईट वाटते. मात्र “हवामानाचे निमित्त करून बंदराचा खर्च वाचवला” हे आपले विधान मी मान्य करू शकत नाही. पावसाळा संपला तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात, आणि किनाऱ्यावर ऊन पडलेले असतानाही समुद्रात जोराचा वारा असू शकतो. क्रूझ जहाज पाण्याखाली उथळ आणि पाण्यावर अनेक मजले उंच असते, त्यामुळे त्याच्या सपाट बाजूवर वाऱ्याचा मोठा दाब येतो. खुल्या समुद्रात वेग असल्याने ते सांभाळून घेता येते. परंतु बंदरात शिरताना वेग कमी करावा लागतो, मंद वेगात सुकाणूची पकड सैल होते, आणि जहाज आडवे सरकवणाऱ्या बाजूच्या प्रॉपेलरांची ताकद एका मर्यादेपलीकडे पुरी पडत नाही. अशा वेळी आत शिरायचे की बाहेरच थांबायचे, हा निर्णय कप्तानाचा असतो. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराने, ज्याला सोलास म्हणतात, तो अधिकार कप्तानाला स्पष्टपणे दिला आहे. त्यात जहाजाच्या मालकालाही आडवे येता येत नाही. मग सोलापुरात तिकीट देणाऱ्या आमच्यासारख्यांचा त्यात काय अधिकार असणार?

आपल्याकडे जुन्या पिढीला समुद्रप्रवास म्हणजे मुंबईहून कोकणात आणि गोव्याला जाणारी बोट एवढेच ठाऊक होते. ती बोट वाहतुकीचे साधन होती. ठरलेल्या बंदरात माणूस पोहोचवणे हेच तिचे काम होते. अशाच एका प्रवासात १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कप्तानाने धोका पत्करण्याचे नाकारले याबद्दल राग येऊ लागतो, तेव्हा मला ही बोट आठवते, आणि माझ्या ग्राहकांनीही ती आठवावी असे मला वाटते.

क्रूझची सुरुवात मात्र निराळ्या कारणाने झाली. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे प्रवासी कमी होत आणि मोठी जहाजे रिकामी पडत, म्हणून हॅम्बुर्ग-अमेरिका लाइन या जर्मन जहाज कंपनीचे आल्बर्ट बालिन यांनी जानेवारी १८९१ मध्ये ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्राच्या सफरीला पाठवले. जर्मनीतील कुक्सहाफेन बंदरातून निघालेले हे प्रवासी कोठे स्थायिक व्हायला किंवा व्यापाराला चालले नव्हते. फिरून त्यांना परत यायचे होते. तो प्रयोग एवढा यशस्वी झाला की १९०० मध्ये केवळ अशा सफरींसाठी ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ’ हे जहाज बांधण्यात आले. पुढे १९५८ पासून जेट विमाने अटलांटिकपलीकडे जाऊ लागली, वाहतुकीचा धंदा जहाजांच्या हातून निसटला आणि सफर हेच प्रवासी जहाजांचे मुख्य काम झाले. म्हणून क्रूझच्या तिकिटात जहाजावरील मुक्काम आणि प्रवास यांची हमी असते. बंदरांचा क्रम बदलू शकतो किंवा एखादे बंदर वगळले जाऊ शकते, अशी अट त्यात असते. आरक्षणाच्या वेळी दिलेल्या आमच्या मराठी माहितीपत्रकात ही अट पहिल्याच पानावर आहे आणि ती आपल्याला वाचूनही दाखवली होती. ज्यांच्या दृष्टीने एखाद्या ठिकाणी ठरल्या दिवशी पोहोचणे हेच सर्वांत महत्त्वाचे आहे, त्यांनी क्रूझ घेऊ नये, असे मी आमचे तिकीट विकले जाणार नाही हे माहीत असूनही सांगतो.

खिडकी नसलेल्या केबिनचा निर्णय आपल्याशी बोलूनच घेतला होता. मातोश्रींना बसमध्येही मळमळते असे आपण सांगितले होते, म्हणून खालच्या मजल्यावरील, जहाजाच्या मध्यभागातील केबिन मागून घेतली. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतील होडीच्या पाळण्यात टोकाला बसणाऱ्याला जेवढे हेलकावे बसतात, तेवढे मध्ये बसणाऱ्याला बसत नाहीत; जहाजाचेही तसेच असते. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली असलेले पंख डावीकडून उजवीकडे होणारे डोलणे कमी करतात, परंतु पुढून मागे होणारी उसळी त्यांना फारशी रोखता येत नाही, आणि ती सर्वांत जास्त टोकाच्या व वरच्या केबिनमध्ये जाणवते. कानाच्या आतील तोल सांभाळणारा अवयव हालचाल सांगतो आणि बंद खोलीत डोळ्यांना मात्र सर्व स्थिर दिसते, त्यामुळे मळमळ होते. म्हणून अस्वस्थ वाटताच उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावे, पोट अगदी रिकामे ठेवू नये, आणि गोळी डॉक्टरांना विचारून त्रास सुरू होण्याआधीच घ्यावी. मातोश्रींनी उलटी झाल्यानंतर गोळी घेतली असे आपण लिहिले आहे. तोपर्यंत तिचा उपयोग फार कमी उरतो.

सुरक्षा कवायतीला आपण “वेळेचा अपव्यय” म्हटले आहे, याचे उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिलिओ बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेली नव्हती, कारण त्या काळच्या नियमाप्रमाणे ती चढल्यापासून २४ तासांत घेतली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. आपल्या कुटुंबाने कोणत्या जागी जमायचे आणि लाइफ जॅकेट कसे बांधायचे, हे अंधारात शोधण्याची वेळ कोणावरही येऊ नये. भोजनगृहाच्या दारात प्रत्येक वेळी हात धुवायला लावतात, तेही याच काळजीपोटी: जहाजावर झपाट्याने पसरणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरने नीट जात नाही, त्याला साबण आणि पाणीच लागते.

सकाळी मुंबईत पोहोचण्याबद्दल एवढेच सांगतो की, जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी प्रवाशांची यादी बंद होते आणि त्यानंतर कोणासाठीही जहाज थांबत नाही. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसला उशीर झाला तरी हाताशी काही तास राहतात; दुपारी पोहोचणाऱ्या गाडीचा घाटात खोळंबा झाला तर सहल बॅलार्ड पिअर या मुंबईतील क्रूझ धक्क्याच्या दारातच संपते. सामान केबिनमध्ये उशिरा पोहोचते, म्हणून रोजची औषधे आणि ओळखपत्रे हातातील पिशवीतच ठेवावीत.

जादा खर्चाचे म्हणाल, तर सेवाशुल्क, इंटरनेट, पेये आणि किनाऱ्यावरील फेरी भाड्यात धरलेली नाही, हे पावतीवर स्वतंत्रपणे लिहिलेले आहे. मोबाइलचे बिल जहाजाच्या उपग्रह नेटवर्कमुळे वाढते. फोन फ्लाइट मोडवर ठेवला तर ते टळते.

वगळलेल्या बंदराच्या शुल्काचा परतावा मागणारे पत्र आम्ही जहाज कंपनीला दिले आहे. आपल्या बोर्डिंग कार्डांच्या प्रती कार्यालयात पाठवाव्यात. रक्कम मिळताच ती काहीही न कापता आपल्या खात्यात जमा करू. मंगेशीला मात्र मातोश्रींना रस्त्याने घेऊन जावे, वाटेत एक मुक्काम करावा, आणि गाडी ठरवताना आमची मदत हवी असल्यास अवश्य सांगावे. त्यासाठी आम्ही आपल्याकडून कोणतेही सेवाशुल्क घेणार नाही.

आपला नम्र,
संचालक, सोलापूर