बिल्डरबर्ग आणि आमच्या सोसायटीची थाळी

परवा रात्री साडेअकराला मामांचा फॉरवर्ड आला. मामा अठ्ठ्याहत्तरचे, सदाशिव पेठेत राहतात, बँकेतून निवृत्त. झोप कमी आणि डेटा भरपूर. मेसेजच्या वर तीन लाल त्रिकोण, खाली ‘जग चालवणारी १३ घराणी’, ‘बिल्डरबर्ग नावाची गुप्त बैठक’, ‘टीव्हीवाले हे कधीच दाखवणार नाहीत’, आणि शेवटी दहा जणांना पाठवायची आज्ञा. सकाळी आठला फोन.

“वाचलंस का गं?”

“वाचलं, मामा.”

“मग? तू एवढ्या कंपन्यांच्या मीटिंगांत बसतेस. तुला हे माहीत असणार.”

फोन स्पीकरवर होता. आई ओट्यापाशी मटार सोलत होती. तिने मान न वळवता विचारलं, “कोण बिल्डर?”

मी हसले खरी, पण दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय. आईचा प्रश्न मामांच्या फॉरवर्डपेक्षा मुद्द्याला धरून होता, असं आता वाटतंय. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी बिल्डरबर्गबद्दल. हे हॉटेलचं नाव. नेदरलँड्समधल्या ओस्टरबेक गावी मे १९५४मध्ये पहिली बैठक झाली. यजमान डच राजघराण्यातले प्रिन्स बर्नहार्ड, आणि खटपट मुख्यतः योझेफ रेटिंगर नावाच्या एका पोलिश गृहस्थांची. शीतयुद्धाचे दिवस. युरोप आणि अमेरिका यांच्यात कुरबुरी वाढत होत्या, तेव्हा दोन्हीकडच्या वजनदार माणसांना तीन दिवस एका छपराखाली बसवावं, हा हेतू. तेव्हापासून बहुतेक दरवर्षी हे चालू आहे. साधारण १२० ते १५० पाहुणे, दोन-तृतीयांश युरोपातले, उरलेले उत्तर अमेरिकेतले. पंतप्रधान, मंत्री, बँकवाले, तेलवाले, आता टेकवाले, शिवाय काही संपादक (ते बातमी देत नाहीत, हे विशेष). ठराव नाही, मतदान नाही, शेवटी निवेदनही नाही. चॅटम हाउसचा नियम लागू, म्हणजे ऐकलेलं वापरा, पण कोण म्हणालं ते सांगायचं नाही.

आणि गंमत ऐका. पाहुण्यांची यादी आणि चर्चेचे विषय ते स्वतःच आपल्या वेबसाइटवर टाकतात. २०२३ला लिस्बनला कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय होता आणि ओपनएआयचे सॅम ऑल्टमन, मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला हजर होते. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजरही होते, वयाची शंभरी भरायला आठवडा राहिला असताना. (आमचे मामा स्वारगेटच्या पलीकडे जायचं म्हटलं की गुडघे दाखवतात.) गुप्त जागतिक सरकार म्हणावं तर यादी जाहीर करण्याइतकं ते बेफिकीर आहे.

मी बावीस वर्षं कंपनी सेक्रेटरी आहे. बोर्ड मीटिंगची नोटीस काढणं, अजेंडा पाठवणं, मिनिट्स म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहिणं हे माझं पोट भरण्याचं साधन. तीस दिवसांत मिनिट्स बुकात गेली पाहिजेत, पानांना सलग क्रमांक, पान चिकटवायचं नाही, शेवटच्या पानावर सही आणि तारीख. त्यामुळे ‘चार मोठी माणसं खोलीत बसली आणि काही लिहिलंच नाही’ हे वाक्य ऐकलं की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. पण बावीस वर्षांत हेही कळलंय की निर्णय क्वचितच बोर्डरूममध्ये होतो. तो आदल्या संध्याकाळी फोनवर होतो, बाणेरच्या हॉटेलात जेवताना होतो. सकाळी अकराला मी लिहिते ते ‘चर्चेअंती सर्वानुमते’. चर्चा कसली? बिस्किटं खाऊन झाली, की सर्वानुमते.

कट कधी शिजतच नाहीत, असं मात्र मी म्हणणार नाही. शिजतात. नोव्हेंबर १९१०मध्ये अमेरिकेचे सिनेटर नेल्सन ऑल्ड्रिच आणि न्यूयॉर्कचे काही बडे बँकर खासगी रेल्वेच्या डब्यातून जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या जेकिल बेटावर गेले. बाहेर सांगितलं, बदकांच्या शिकारीला चाललोय. नोकरांना कळू नये म्हणून आपसात आडनावं घ्यायची बंद. तिथे बसून त्यांनी मध्यवर्ती बँकेचा आराखडा केला. तो जसाच्या तसा मंजूर झाला नाही, पण १९१३च्या फेडरल रिझर्व्ह कायद्यात त्यातलं बरंच काही आलं. आणि ही गोष्ट आपल्याला कशी कळली? १९१६मध्ये एका पत्रकाराने लिहिलं. पुढे १९३५मध्ये तिथे गेलेल्या व्हँडरलिप नावाच्या बँकरनेच मासिकात लेख लिहून सगळं सांगून टाकलं. माणसाला गुपित पोटात राहत नाही, त्यातून आपण फार महत्त्वाचे होतो असं वाटत असेल तर मुळीच नाही. तेरा घराणी तीनशे वर्षं गप्प आहेत, यावर माझा विश्वास बसत नाही तो यामुळे. आमच्या घरात सुनेचं डोहाळजेवण सरप्राइज ठेवता आलं नाही.

आता आईच्या बिल्डरकडे येते.

आमची सोसायटी कोथरूडमध्ये, १९८६ची. चोवीस फ्लॅट, लिफ्ट नाही, गच्चीवर दर पावसाळ्यात डांबर. तीन वर्षांपूर्वी री-डेव्हलपमेंटचं वारं आलं तेव्हा मी कमिटीत होते. पाच ऑफर आल्या होत्या. त्यातल्या एका बिल्डरच्या पार्टनरने कमिटीला रविवारी जेवायला बोलावलं. ‘अनौपचारिक हो, ओळख करून घेऊ.’ आम्ही सहा जण गेलो. थाळीचं हॉटेल, आमरसाचे दिवस. वाढपी वाटी रिकामी राहू देत नव्हता. नोटीस नाही, अजेंडा नाही, मिनिट्स नाहीत. बिल बिल्डरने दिलं. मी, व्यवसायाने मिनिट्स लिहिणारी बाई, तिसऱ्यांदा आमरस घेतला आणि मला काहीच खटकलं नाही.

खरं सांगायचं तर ते जेवण उपयोगाचं झालं. त्या पार्टनरने सांगितलं की त्यांचं सिंहगड रोडचं काम परवानगीत अडकून वर्षभर बंद होतं आणि तेव्हा भाडी द्यायला त्यांची तारांबळ उडाली होती. सभासदांसमोर हे तो जन्मात बोलला नसता. तिसऱ्या मजल्यावरचे आमचे चेअरमन, जे सभेत कायम ‘कार्पेट किती वाढवून देता’ एवढंच विचारायचे, ते तिथे हळूच म्हणाले, “मला जास्त जागा नको हो, जिना चढवत नाही, तेवढं बघा.” बंद दाराआड माणसं खरं बोलतात. त्यामुळे ‘प्रत्येक बैठकीला कॅमेरा लावा’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. कॅमेऱ्यासमोर सगळे भाषण ठोकतात.

दोन महिन्यांनी त्याच बिल्डरच्या दुसऱ्या स्कीमचं माहितीपत्रक हाती आलं. मागच्या पानावर, आमच्या वयाला चष्मा काढून डोळ्यांजवळ न्यावं लागेल अशा अक्षरात, आर्किटेक्ट फर्मचं नाव. ते आमच्या खजिनदारांच्या जावयांचं. थाळीला बसले होते तेव्हा खजिनदारांनी याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. पण ‘हा माणूस भरवशाचा आहे’ हे पुरणपोळीपासून ताकापर्यंत चारदा म्हणाले होते.

बिल्डर निवडायची सभा नियमाप्रमाणे झाली. राज्य सरकारच्या जुलै २०१९च्या निर्देशांप्रमाणे त्या सभेला निबंधकांचा माणूस हजर लागतो आणि सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं. लग्नाचे व्हिडिओ काढणारा पोरगा ट्रायपॉड लावून उभा होता. मी उठून जावयांच्या फर्मबद्दल विचारलं. खजिनदार शांतपणे म्हणाले, “त्यात लपवण्यासारखं काय आहे? तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

हे वाक्य माझ्या कानात बसलंय. कंपनी कायद्यात नेमकं याच्या उलट लिहिलंय. विचारण्याची वाट बघायची नाही. दरवर्षी पहिल्या बोर्ड मीटिंगला प्रत्येक संचालकाने एमबीपी-१ नावाचा फॉर्म भरून द्यायचा. कुठल्या कंपनीत, कुठल्या फर्ममध्ये आपला संबंध आहे, ते सगळं. आणि पब्लिक कंपनीत तो विषय निघाला की त्या संचालकाने त्यात भाग घ्यायचा नाही. संचालक ज्या फर्ममध्ये भागीदार आहे, तिच्याकडून ऑफिसच्या खुर्च्या घ्यायच्या असल्या तरी. मीच तो फॉर्म सगळ्यांकडून मागत फिरते, वसुलीवाल्यासारखी.

आता हाच चष्मा लावून बिल्डरबर्गकडे बघा. जून २०२५ची बैठक स्टॉकहोमला झाली. नाटोचे सरचिटणीस मार्क रुटे पाहुण्यांत होते. बैठक चालवणाऱ्या सुकाणू समितीवर पीटर थील आणि अॅलेक्स कार्प आहेत, म्हणजे पॅलँटिर या कंपनीचे एक सहसंस्थापक आणि दुसरे सहसंस्थापक-सीईओ. त्याच वर्षी, बैठकीच्या काही महिने आधी, नाटोने पॅलँटिरकडून युद्धात वापरायची एआय यंत्रणा विकत घेतली होती. बैठकीनंतर आठवडा-दीड आठवड्यात हेगला नाटोची शिखर परिषद झाली आणि संरक्षण खर्च जीडीपीच्या पाच टक्क्यांवर न्यायचं ठरलं. मामांच्या ग्रुपवर हे गेलं तर ‘बघा, तिथेच ठरलं!’ असं होईल. तसं नाही. पाच टक्क्यांची मागणी ट्रम्प कित्येक महिने उघडपणे करत होते, त्यासाठी स्टॉकहोमला लपायची गरज नव्हती. मला टोचतं ते इतकंच: घेणारा आणि विकणारा तीन दिवस एका हॉटेलात, न्याहारीच्या एकाच टेबलावर बसू शकतात अशा अंतरावर, आणि कोणाच्याही एमबीपी-१चा पत्ता नाही. यात गैर काही झालंच असेल असं मी म्हणत नाही. झालं नसेल तर ते दाखवायला कागद नाही, एवढंच माझं म्हणणं.

आणि हे नुसतं कल्पनेतलं भय नाही. ज्या प्रिन्स बर्नहार्डनी ही बैठक सुरू केली, ते १९७६मध्ये लॉकहीड या विमान कंपनीच्या पैशांच्या प्रकरणात अडकले. अकरा लाख डॉलरचा आरोप होता. चौकशी बसली, त्यांना पदं सोडावी लागली आणि त्या वर्षीची बैठकच झाली नाही. विमानं विकणारे आणि विमानं घेणाऱ्या देशाचा राजपुत्र. खजिनदार आणि जावई, फक्त रक्कम मोठी.

२०१३ला ही बैठक लंडनजवळ वॉटफर्डला होती. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून गेले होते. नंतर हाउस ऑफ कॉमन्समध्ये प्रश्न विचारला गेला तेव्हा सरकारतर्फे उत्तर द्यायला उठले केनेथ क्लार्क. ते स्वतः त्या बैठकीला होते. म्हणजे जेवणाचा हिशेब विचारला आणि उत्तर द्यायला जेवलेलाच माणूस. वाचताना मला आमचा ट्रायपॉडवाला पोरगा आठवला. त्याने निदान दोघांनाही एका फ्रेममध्ये घेतलं होतं.

दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेबद्दल मुद्दामच लिहीत नाही. तिथे कॅमेरे असतात, आपले मुख्यमंत्री जातात, लाखो कोटींचे सामंजस्य करार होतात, बातम्या येतात. त्यातले प्रत्यक्षात किती उतरतात हा प्रश्न वेगळा, पण आकडा तरी विचारता येतो.

पुण्यात बसून मला परक्या हॉटेलांची उठाठेव करायचीही लाज वाटते कधीकधी. मार्च २०२२मध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली, आणि नंतर किती काळ नगरसेवकच नव्हते! स्थायी समिती आयुक्त, मुख्य सभाही आयुक्त. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. त्यावर माझ्याकडे एकही फॉरवर्ड आला नाही. लाल त्रिकोण लांबच्या गोष्टींनाच शोभतात बहुधा.

सोसायटीचं काय झालं, असं विचाराल. तोच बिल्डर निवडून आला, ऑफर खरंच बरी होती. फक्त करारात एक कलम वाढलं, की आर्किटेक्ट सोसायटी नेमेल. खजिनदार माझ्याशी जिन्यात बोलत नाहीत. माझ्या वाटणीच्या थाळीचे पैसे मी त्या पार्टनरला नंतर पाठवले. त्याने परत केले. मी पुन्हा पाठवले.

हे सगळं मी काल मामांना फोनवर सांगितलं. जेकिल बेट, लॉकहीड, एमबीपी-१, सगळं. ते ‘हं, हं’ करत ऐकत होते. शेवटी म्हटलं, “मामा, यादी त्यांच्या साइटवर असते, मी लिंक पाठवते, स्वतःच बघा.”

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “आपलं कोणी आहे का गं त्यात?”